फ्लेमिंगोचा चिखल आणि आमची झोपडी

"फ्लेमिंगो वाचवा" म्हटले की आपल्यातले काही कार्यकर्ते हसतात. आपल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही पक्षी मोजत बसलात, असे म्हणतात. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यामागे अनुभव आहे. 1995 साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वस्त्यांविरुद्ध पर्यावरणवादी मंडळी उच्च न्यायालयात गेली. 1997 च्या आदेशानंतर हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. त्या झोपड्यांत कोण राहत होते, हे सांगायला हवे का? गरिबाला हाकलणारे पर्यावरण आमचे नाही.

पण म्हणून बिल्डर आमचा झाला का?

नवी मुंबईचे उदाहरण घ्या. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे फ्लेमिंगो चरतात. भरतीला तो पाण्याखाली जातो, तेव्हा हेच थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग 2015 साली अभयारण्य झाला. विसाव्याच्या या जागा मात्र अभयारण्याबाहेर राहिल्या. त्यांच्यावरच गोल्फ कोर्स आणि निवासी मनोऱ्यांची योजना आली. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने जमीनवापरातला बदल रद्द केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

आता सांगा, गोल्फच्या हिरवळीशेजारी कचरा वेचणाऱ्या आपल्या बाईला खोली मिळणार होती काय? "लोकांना घरे हवीत" हे वाक्य आमच्या तोंडचे. ते बिल्डर वापरतो आणि घर विकतो कोट्यधीशाला.

पाणथळ बुजली की पाणी वाट शोधते, आणि ती वाट सखल वस्तीतून जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. भराव टाकून अरुंद केलेल्या मिठी नदीचे पाणी आधी काठावरच्या झोपड्यांत शिरले. खाडी मेली तर कोळ्याच्या जाळ्यातली मासळीही जाते. सरकारी कागदावर जी जमीन "मोकळी" असते, तिच्यावर कुणाचे तरी पोट असते.

1927 साली महाडच्या तळ्यावर जनावरांना पाणी मिळत होते, आम्हाला नाही. तरी आमचे भांडण जनावरांशी नव्हते. पाण्यावर मालकी सांगणाऱ्यांशी होते. आजही तेच आहे. फ्लेमिंगो आमचा शत्रू नाही. पक्ष्याची जागा आणि गरिबाची जागा गिळणारा हात एकच आहे.

म्हणून दोन्ही मागण्या एकाच निवेदनात हव्यात : पाणथळ जागांवर एकही वीट नको, आणि वस्तीतल्या माणसाला आहे तिथेच, हक्काचे पक्के घर हवे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा आपण तिथे नसतो. पर्यावरणवाले असतात आणि बिल्डरचे वकील असतात. पुढच्या वेळी नकाशा उघडून आधी आपण बसू. आपल्याशिवाय झालेला निर्णय आपल्या विरोधातच जातो, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

जयभीम!