ज्या पायावर उभी आहे तोच पाय

गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिने आम्हा दोघांची नावे परस्पर टँगोच्या वर्गात घातली. पस्तीस वर्षे खडू झिजवलेला मी मास्तर, चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी! सौ.ला मात्र भारी हौस.

टँगो मूळचा अर्जेंटिना-उरुग्वेचा. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. यात एकाने पुढाकार घ्यायचा, दुसऱ्याने साथ द्यायची. पावले आधी ठरलेली नसतात. पुढचे पाऊल त्या क्षणी सुचवायचे, तेही छातीच्या कलाने, हातांनी ओढाताण न करता. पण ठेका, आपले पाय, जोडीदार, शिवाय घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या बाकीच्या जोड्या, हे सगळे नवशिक्याने एकदम सांभाळायचे! मी पायांकडे बघितले की ठेका सुटे. ठेका धरला की कुणाला तरी धक्का. घाबरलो की हात आवळले जात.

तिसऱ्या आठवड्यात सौ. मध्येच थांबली. "अहो, ज्या पायावर मी उभी आहे, तोच उचलायला कसा सांगता?" मराठीत म्हणाली म्हणून बरे!

खरेच, तिचा भार कोणत्या पायावर आहे हे मी पाहिलेच नव्हते. मला फक्त माझे पुढचे पाऊल दिसत होते. शाळेतही हेच केले की मी! विभक्ती न उमजलेल्या पोराला समासाचा विग्रह विचारायचो, आणि वर "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडायचो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की नवशिक्याला दर तासाला नवा पदन्यास शिकवू नये. आधी नुसता भार बदलणे आणि चालणे, एवढेच घोटून घ्यावे. शिवाय पुढाकार शिकणाऱ्याने काही दिवस साथीदाराच्या जागी नाचावे. आमच्या बाईंनी मला एकदा तसे नाचवले. मागे मागे पाऊल टाकताना, समोरच्याचे आयत्या वेळी डळमळले तर किती बावरायला होते, ते तेव्हा कळले. कुणी म्हणेल, अशाने लोक कंटाळून सोडतील. पण आमच्या वर्गातून जे गळाले, ते नव्या पावलांच्या भडिमारानेच गळाले.

आता पुण्यात दिवाणखान्यातल्या खुर्च्या सरकवून सराव चालतो. पाऊल टाकण्याआधी मी क्षणभर थांबतो. तरी चुकतोच. सौ. ओरडत नाही, नुसती उभी राहते. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली. इतकी वर्षे ती अशी किती वेळा उभी राहिली असेल, कोण जाणे.

असो. तुमच्यापैकी कुणी शिकले आहे का हा नाच? अनुभव जरूर कळवा.