पाण्यापाठोपाठ प्रयोगशाळा हवी

१९९३ साली आटपाडीत भरलेल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेने समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला. पुढे टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी माणदेशी मातीत आले. पाणी आले की शेततळ्यात रोहू-कटला सोडण्याचा विचार येतो आणि माशांमागून त्यांचे रोगही येतात. अंगावर लाल व्रण उठवणारा एरोमोनास हा जिवाणू त्यांपैकीच एका रोगाचे मूळ. नाव एक असले तरी बियाण्याप्रमाणे त्याचेही वाण अनेक. जनुकांतील फरकामुळे एका वाणावर लागू पडणारी लस वा औषध दुसऱ्यावर निष्प्रभ ठरू शकते. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण हे जिवाणू परस्परांना देतात. अशा स्थितीत निदानावाचून प्रतिजैविके ओतणे म्हणजे पैसा पाण्यात घालून शत्रूलाच शस्त्र पुरवणे होय. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून उभी आहे. पण रोगट मासा तिथवर पोचेतो तळे रिकामे होते. व्यापारी औषध विकेल, निदान करणार नाही. ते कर्तव्य शासनाचे आहे. पाणी हक्काने मागणाऱ्या तालुक्याने जिवाणूचा वाण ओळखणारी सार्वजनिक प्रयोगशाळाही हक्कानेच मागितली पाहिजे.