क्रम कोणी ठरवायचा?

मूलद्रव्यांची नावे मराठीत लिहून संगणकाला 'अकारविल्हे लाव' असे सांगितले, तर काय होईल? आज्ञावली करणाऱ्याने काळजी घेतली नसेल, तर ॲल्युमिनियम हे नाव हायड्रोजन आणि हेलियम यांच्याही खाली जाऊन बसेल!

असे का व्हावे? संगणकाला अक्षरे कळत नाहीत, अंक कळतात. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला आहे. 'अ'चा अंक २३०९, 'ह'चा २३६१. 'ॲ' हे अक्षर त्यात उशिरा, २००८ साली आले. तोवर 'अ'शेजारच्या जागा भरल्या होत्या. म्हणून त्याला २४१८ हा अंक मिळाला. 'ळ'चीही गोष्ट तशीच. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. पण त्याचा अंक २३५५, म्हणजे 'ल'ला लागून. त्यामुळे 'कळ' हा शब्द 'कवच'च्या आधी येतो.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? शब्द टंकित केला की संगणक तो शोधून देतोच. पण छापलेली यादी आपण डोळ्यांनीच पाहतो. ठरल्या जागी नाव दिसले नाही की माणूस 'ते यादीत नाहीच' असे समजतो आणि तीच नोंद पुन्हा करतो. ग्रंथालयात भलत्याच फळीवर ठेवलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते.

यंत्राच्या सोयीसाठी आपली वर्णमाला बदलावी, हे मला मान्य नाही. अक्षराची ओळख आणि त्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ä' हे एकच अक्षर जर्मन कोशात 'a'बरोबर मिळते, तर स्वीडिश कोशात 'z'च्याही नंतर. मग ओळखीचा अंक क्रमासाठी कसा पुरेल? युनिकोडनेही क्रमाचे नियम वेगळे ठेवले आहेत आणि प्रत्येक भाषेला त्यांत आपला क्रम सांगता येतो. आज्ञावली करणाऱ्यांनी तो वापरला पाहिजे.

हेच तत्त्व इतर नोंदींनाही लागू आहे. वार अकारविल्हे लावले तर आठवडा गुरुवारी सुरू होईल! अशा वेळी प्रत्येक नोंदीपुढे क्रमांकाचा स्वतंत्र रकाना ठेवावा. त्यात १, २, ३ असे न लिहिता १०, २०, ३० असे लिहावे. उद्या मध्येच एखादी नोंद घालायची झाली, तर तिला १५ देता येतो. पुढचे सर्व क्रमांक खोडावे लागत नाहीत. दोन नोंदींचा क्रमांक सारखाच आला, तर आधी कोणती घ्यायची, हेही आधीच ठरवून ठेवावे.

संगणक क्रम लावतो अतिशय वेगाने. पण कोणता क्रम योग्य, हे त्याला माहीत नसते. ते ठरवणे हे माणसाचे काम आहे. मराठी याद्यांपुरते ते आपलेच आहे.