'पो' की 'पर'?

आमच्या वस्तीतील एका आजींना इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला. दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सुनेने दवाखान्यात फोन लावला. "हायपो झाला असेल" एवढे सांगून पलीकडून फोन ठेवला गेला. सुनेने ऐकले 'हायपर', आणि आजींपुढचा गोड चहा उचलून आत नेला. शेजारी नर्सिंगला शिकणारी मुलगी होती, तिने साखरपाणी पाजले म्हणून निभावले.

सुनेला आम्ही दोष देणार नाही. आपल्याकडे 'शुगर' म्हटले की गोड बंद, एवढेच डोक्यात बसलेले. त्यात शब्दही फसवा. हाय-पो-ग्लाय-सी-मि-या. हाय-पर-ग्लाय-सी-मि-या. दोन्हींचे तुकडे सहा, दोन्हींत जोर 'सी'वर. फरक फक्त दुसऱ्या तुकड्यात, आणि घाईत नेमका तोच गिळला जातो.

शब्द मुळात ग्रीक. 'हायपो' म्हणजे खाली, 'हायपर' म्हणजे वर. 'ग्लाय' आला गोड या अर्थाच्या शब्दावरून. ग्लुकोजही त्याच मुळाचा. शेवटचा 'इमिया' रक्ताचा, ॲनिमियाच्या शेवटी असतो तोच. म्हणजे रक्तातली साखर खाली, किंवा रक्तातली साखर वर. गंमत अशी की पालीतले 'उपरि' आणि आपले मराठी 'वर' हे या 'हायपर'चेच दूरचे भाऊबंद. पर म्हणजे वर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

डॉक्टरांनी आणि कंपाउंडरांनी फोनवर 'साखर उतरली', 'साखर चढली' असेच सांगावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. मग लोकांना ग्रीक कशाला शिकवता, असे आमच्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात. बोलण्यापुरते ते खरे. पण केसपेपरवर आणि रिपोर्टवर तोच लांबलचक शब्द छापून येतो. तो फोडता आला नाही, तर प्रत्येक वेळी कागद घेऊन कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. इन्सुलिन किंवा गोळी घेणाऱ्याला अशी थरथर सुटली, घरात तपासायचे यंत्र नाही, आणि 'पो' की 'पर' तेही उमगत नाही, अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर साखरच द्यावी. थोडी चढलेली साखर नंतर उतरवता येते. फार उतरलेली तेवढा वेळ देत नाही.