पेरोव्हस्काइट ऑक्साइडे : पृष्ठभागाचा प्रश्न

पदार्थाचे रासायनिक सूत्र आणि स्फटिकरचना कळली म्हणजे तो पदार्थ कळला, अशी समजूत रसायनशास्त्राच्या अध्यापनात अजूनही घट्ट रुजलेली दिसते. पेरोव्हस्काइट वर्गातील ऑक्साइडांनी ही समजूत कधीच मोडीत काढली आहे. अभ्यासक्रमांनी मात्र त्याची दखल फारशी घेतलेली नाही.

या वर्गातील लँथॅनम कोबाल्ट ऑक्साइडाशी भारतीय विज्ञानाचे जुने नाते आहे. 1972 च्या सुमारास सी. एन. आर. राव आणि व्ही. जी. भिडे (हे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले) यांनी सहकाऱ्यांसह मोसबाउअर तंत्राने या ऑक्साइडातील कोबाल्टच्या परिवलन-अवस्थांचा अभ्यास केला. तापमान वाढत जाते तसा कोबाल्ट अल्प परिवलनाकडून उच्च परिवलनाकडे कसा सरकतो, हा त्या अभ्यासाचा विषय. 1976 मध्ये राव बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले. तेथे घनावस्था व संरचनात्मक रसायनाचा स्वतंत्र विभाग त्यांनी उभा केला आणि ऑक्साइडांच्या अभ्यासाला त्या शहरात पक्के घर मिळाले.

हे सारे संशोधन प्रामुख्याने पदार्थाच्या अंतरंगाचे. अंतरंगातील प्रत्येक कोबाल्ट अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू अष्टफलकाच्या शिरोबिंदूंवर असतात. पृष्ठभागावर यांपैकी एखादा शेजारी नाहीसा होतो. साहजिकच कोबाल्टवरील स्फटिकक्षेत्र दुबळे होते आणि उच्च परिवलनास वाव मिळतो. अंतरंगात अतिशीत तापमानाला जवळजवळ अचुंबकीय असणाऱ्या या पदार्थात सुमारे 85 केल्विनखाली लोहचुंबकत्व आढळते, आणि त्याचे मूळ पृष्ठभागात आहे, असे प्रतिपादन 2004 साली करण्यात आले. सूत्र तेच, अणूही तेच. स्वभाव मात्र निराळा.

त्याच वर्षी दुसरे, अधिक गाजलेले उदाहरण पुढे आले. स्ट्रॉन्शियम टायटेनेट व लँथॅनम ॲल्युमिनेट हे दोन्ही विद्युतरोधक. ओटोमो व ह्वांग यांनी एकावर दुसऱ्याचा थर चढविला, तेव्हा त्यांच्या सीमेवर विद्युतवहन होऊ लागले. परंतु केव्हा? खालच्या स्फटिकाचे अखेरचे प्रतल टायटॅनियम व ऑक्सिजनचे असेल तरच. ते स्ट्रॉन्शियम व ऑक्सिजनचे असले, तर सीमा रोधकच राहते. एका अणुप्रतलाचा हा फरक! आणि ते प्रतल हवे तसे मिळविण्याची युक्ती जपानी संशोधकांनी 1994 सालीच दाखविली होती : हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या उभयप्रतिरोधी द्रावणाने स्फटिक धुणे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळविण्यासाठी प्लॅटिनम, इरिडियम यांसारख्या महागड्या धातूंऐवजी स्वस्त ऑक्साइडे वापरता येतील काय, याचा शोध सर्वत्र चालू आहे, आणि उत्प्रेरकाची क्रिया पृष्ठभागावरच घडते. 4 नॅनोमीटर बाजूच्या घनाकार कणात साधारण 1000 एकक कोशिका मावतात. त्यांपैकी 488, म्हणजे जवळजवळ निम्म्या, पृष्ठभागावर असतात. कणाची बाजू शंभरपट वाढविली, तर हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. असे असताना पुष्कळ प्रबंधांत क्ष-किरण विवर्तनाचा आलेख आणि दर ग्रॅममागे पृष्ठफळाचा आकडा देऊन विषय संपविला जातो. पृष्ठफळ किती, हे त्यातून कळते. तेथे कोणते अणू आहेत, हे कळत नाही. मग दोन प्रयोगशाळांतील एकाच सूत्राच्या चूर्णांची तुलना कशाच्या आधारावर करावयाची?

अतिनिर्वात उपकरणे फार महाग, हा आक्षेप नेहमीचा. तो अंशतः खराही आहे. परंतु आम्लाने धुणे आणि भट्टीत तापविणे यांसाठी काही कोट्यवधींचे अनुदान लागत नाही. इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानाची मोठी यंत्रे मोजक्या संस्थांत आहेत. ती जिल्ह्याच्या महाविद्यालयातील संशोधकालाही ठराविक दिवशी उपलब्ध व्हावीत, अशी व्यवस्था करणे हे प्रशासनाचे काम आहे, विज्ञानाचे नव्हे.

पृष्ठभाग एकदा तपासून भागत नाही, ही आणखी एक अडचण. बेरियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट व लोह यांच्या एका नावाजलेल्या पेरोव्हस्काइटाचा पृष्ठभाग पाण्याच्या विघटनाचे कार्य करीत असतानाच अस्फटिकी होतो, असे 2012 मध्ये दिसून आले. क्रियेपूर्वीचा आणि क्रियेनंतरचा, असे दोन्ही पृष्ठभाग तपासल्याविना कोणत्याही उत्प्रेरकाचा दावा परीक्षकांनी स्वीकारू नये.