कमी झालेल्या पदाचे काम

आपल्यापैकी कित्येक जण दिवसभराची नोकरी आटोपून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. कचेरीतील एक खुर्ची रिकामी झाली की तिच्यावरचे काम शेजारच्या टेबलावर कसे येऊन पडते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. शाळांतील प्रशासकीय व शिक्षकेतर पदे कमी करून पैसा वाचवावा काय, या प्रश्नाचा विचार याच अनुभवापासून सुरू करावा, असे मला वाटते.

कपातीच्या बाजूचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. शाळा शिकवण्यासाठी असते. मग लिपिक आणि शिपाई यांच्यावर खर्च कशाला? महाराष्ट्रात 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित खाजगी शाळांतील चतुर्थश्रेणी पदे यापुढे नियमित वेतनश्रेणीत न भरता त्यांच्याऐवजी ठोक ‘शिपाई भत्ता’ देण्याचे धोरण स्वीकारले. ग्रामीण शाळेसाठी ही रक्कम दरमहा 5,000 रुपये ठरली. हिशेबाच्या वहीत ही बचत ठळक दिसते. घंटा देणे, खोल्या झाडणे, टपाल पोहोचवणे ही कामे मात्र त्या निर्णयाने संपलेली नाहीत. एवढ्या पैशांत पूर्णवेळ माणूस टिकेल काय, याचे उत्तर आपण स्वतःच्या घरखर्चावरून काढावे.

लिपिकाचे पद मुळातच नसले तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर जिल्हा परिषदेच्या एखाद्या दोनशिक्षकी प्राथमिक शाळेत जावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग चार किंवा पाच. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांकांची जुळणी, दाखले. एक शिक्षक या कामात गुंतला की दुसऱ्याच्या पुढ्यात सगळी शाळा येते. तेवढ्या वेळापुरते मुलांच्या वाट्याचे निम्मे अध्यापन नाहीसे होते, आणि हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिला जात नाही. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे याच कायद्याचे कलम 27 सांगते. परंतु शाळेचे स्वतःचे दप्तर कोणी सांभाळावयाचे?

प्रत्येक पद पवित्र आहे, असे माझे म्हणणे नाही. एकच माहिती केंद्राला एका नमुन्यात, तालुक्याला दुसऱ्यात आणि जिल्ह्याला तिसऱ्यात द्यावी लागत असेल, तर तेथे कात्री अवश्य चालवावी. पण ती आधी नमुन्यांवर. केंद्रप्रमुखाने आसपासच्या शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करावे, ही अपेक्षा. माहिती गोळा करून वर धाडण्यातच त्याचा दिवस जात असेल, तर दोष पदाचा नसून मागणीचा आहे.

आणि खर्चाचीच चिंता असेल, तर सहा लहान शाळांना मिळून एक लिपिक द्यावा. सोमवार ते शनिवार, रोज एक शाळा. वेतन एकाचे लागेल, दप्तराच्या ओझ्यातून मोकळे होतील बारा शिक्षक.