मागाहून दिलेलं जीवशास्त्र

अकरावीला गणित घेतलेल्या मुलीला बारावीनंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर? बरीच वर्षं उत्तर सरळ होतं: विसरा. १९९७ च्या वैद्यकीय पदवी नियमावलीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय दोन वर्षं सलग, नियमित वर्गात, प्रात्यक्षिकांसह शिकलेले हवे होते. जीवशास्त्र जादा विषय म्हणून मागाहून दिलं, तर गुण कितीही असोत, अर्ज बाद.

मग पालक कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये मुक्त विद्यालयांतून शिकलेल्यांवरची बंदी रद्द केली. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेत, बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’चं दार उघडलं. आधार होता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या विषयनिवडीच्या मोकळिकीचा. शहाणपण आलं, पण त्यासाठी किती मुलांना वकील गाठावा लागला!

या अंकाचा विषय हाच: आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याचे वाद. प्रवेशाच्या धामधुमीत असा वाद निघाला, की निकालाआधी जागा भरून जाते. म्हणून आम्ही निकालपत्रांइतकंच लक्ष अर्ज-छाननीच्या टेबलाकडे दिलं आहे. प्रयोगशाळेत कधीच न गेलेला विद्यार्थी चालेल का, ही शिक्षकांची शंकाही इथे आहे. ती आम्हाला रास्त वाटते.

तुमचा किंवा घरातल्या कुणाचा अर्ज असा अडला असेल, तर कोणत्या कागदासाठी अडला आणि कसा सुटला, ते जरूर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.